बाजाराचा दुसरा दिवस: मुलांना उद्योजकता शिकवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

जानेवारीचा पहिला आठवडा. कोरेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात बाल आनंद बाजार भरला होता. चुन्यानं आखलेल्या चौकोनांत पोती, चादरी अंथरून मुलं बसली होती. मेथीच्या जुड्या, ओला वाटाणा, परसातले पेरू, वडापाव, भेळ, चहा. माझी भाची सहावीत आहे. तिनं लिंबू सरबत मांडलं होतं. स्टीलच्या मोठ्या पातेल्यात पन्नास ग्लासांचं सरबत, शेजारी कागदी पेल्यांची चवड आणि सुट्या पैशांसाठी आईनं दिलेला रिकामा डबा.

अकरा वाजेपर्यंत तिच्याकडे कुणी फिरकलंही नाही. हवेत गारठा होता. शेजारच्या चौकोनात चहा विकणाऱ्या मुलापुढं मात्र रांग लागलेली. ऊन चढलं तसे लोक सरबताकडे वळले. एक वाजता बाजार उठला तेव्हा ती डबा वाजवत धावत आली, "मावशी, साडेतीनशे रुपये नफा झाला!"

फोटो निघाले, पालकांच्या ग्रुपवर गेले, सरपंचांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी वर्गात पुस्तकातला पुढचा धडा सुरू झाला. बाजाराचा विषय तिथंच मिटला.

मला याची फार रुखरुख लागली. मुलांनी दोन आठवडे तयारी केली होती, गुरुजींनी धावपळ केली होती, आणि शिकण्यासारखं जे होतं ते सगळं दुसऱ्या दिवसासाठी शिल्लक होतं. तो दुसरा दिवस उजाडलाच नाही.

सध्या उद्योजकता हा शब्द शाळा-कॉलेजांत सारखा कानावर पडतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर जास्तच. पालकांच्या मनात मात्र गोंधळ आहे. आमच्या पोरानं दहावी झाल्यावर कंपनी काढायची का? की ही नोकऱ्या नसल्याची पळवाट आहे? म्हणून अगदी पायापासून सुरुवात करू.

‘काय उद्योग करून ठेवलास!’

घड्याळ खोलून बसलेल्या पोराला आई काय म्हणते? "काय उद्योग करून ठेवलास हा!" आपल्या भाषेत उद्योग म्हणजे कारखानाच असतो असं नाही. कुणी न सांगता एखाद्या गोष्टीत हात घालणं, खटपट करणं, हाही उद्योगच. ‘नसते उद्योग’ करू नकोस असं आपण मुलांना दिवसातून दहादा सांगतो आणि वीस वर्षांनी त्यांनी उद्योजक व्हावं अशी अपेक्षा धरतो.

अर्थशास्त्रात उद्योजकाची ओळख करून दिली ती रिशार काँतियाँ या अठराव्या शतकातल्या लेखकानं. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं म्हणणं साधं आहे: उद्योजक ठरलेल्या भावानं घेतो आणि न ठरलेल्या भावानं विकतो. गंमत म्हणजे त्याच्या उदाहरणांत शेतकरी ठळकपणे येतो. बी, खत, मजुरी यांचे पैसे आधी मोजायचे, आणि कांदा काढून लासलगावच्या बाजार समितीत नेल्यावर काय भाव निघेल ते लिलावाच्या वेळीच कळायचं. ‘मराठी माणसाच्या रक्तात धंदा नाही’ असं जो कुणी म्हणतो, त्यानं ही व्याख्या एकदा नीट वाचावी. दर हंगामाला एवढी मोठी अनिश्चितता अंगावर घेणारी लाखो घरं याच राज्यात आहेत.

तर उद्योजक म्हणजे कुणाची तरी गरज ओळखून, हाताशी असलेल्या गोष्टी जुळवून ती भागवणारा, आणि तोटा झाला तर तो स्वतः सोसणारा माणूस. असं वागायची जी सवय लागते, तिला उद्योजकीय वृत्ती म्हणतात. या लेखात पुढं मी तिला नुसतं ‘वृत्ती’ म्हणेन. कंपनी काढणं हा त्या वृत्तीचा एक परिणाम. तो होईल किंवा होणारही नाही.

साडेतीनशेचे एकशे पस्तीस कसे झाले

दुसऱ्या दिवशी भाची शाळेतून आली, तशी आम्ही दोघी वही घेऊन ओट्यापाशी बसलो. आधी खर्च. वीस लिंबं शंभर रुपयांची, एक किलो साखर पंचेचाळीस, पेले चाळीस, बर्फ तीस. बेरीज दोनशे पंधरा. हे पैसे आईचे होते, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. पस्तीस ग्लास दहा रुपयांनी विकले, म्हणजे विक्री साडेतीनशे. त्यातून दोनशे पंधरा गेले. उरले एकशे पस्तीस.

तिचा चेहरा पडला. मी डब्यातले पैसे मोजायला सांगितले. तीनशेच भरले. मग आठवलं, पाच ग्लास उधार गेले होते. म्हणजे वहीत नफा एकशे पस्तीस, पण आईचं भांडवल फेडल्यावर हातात रोख फक्त पंच्याऐंशी. ‘नफा झाला पण पैसे कुठायत?’ हा प्रश्न भल्याभल्या दुकानदारांना रडवतो. तो अकरा वर्षांच्या मुलीला एका संध्याकाळी कळला.

मग आम्ही पन्नास ग्लासांचा हिशोब लावला. पस्तीस विकले. सहा मैत्रिणींना फुकट. नऊ पातेल्यात उरले, ते ओतून दिले. एका ग्लासाला खर्च चार रुपये तीस पैसे. मी विचारलं, कितव्या ग्लासाला आईचे पैसे वसूल झाले? तिनं भागाकार केला: बाविसाव्या. त्याच्या आधीचे एकवीस ग्लास तिनं केवळ मुद्दल सोडवायला विकले होते. ना नफा ना तोटा अशी ही जी रेघ असते, ती कुठं पडते हे माल आणण्याआधी काढता आलं पाहिजे. तसं असतं तर ‘पन्नास ग्लास करू की तीस?’ हा प्रश्न आदल्या रात्रीच पडला असता.

शेवटी मी मेहनतीचं विचारलं. तिचे चार तास, लिंबं पिळायला आईचे दोन. सहा तासांत एकशे पस्तीस म्हणजे तासाला साडेबावीस रुपये. ती बराच वेळ गप्प होती. मग स्वतःहून म्हणाली, "आईचे दोन तास मी धरलेच नव्हते." घरातल्या बाईचं काम हिशोबात न धरण्याची सवय आपल्या शेतीत, दुकानात, खानावळीत सगळीकडे मुरलेली आहे. ती मोडायची तर याच वयात मोडावी.

हे गणित सहावीच्या बाहेरचं मुळीच नव्हतं. बेरीज, वजाबाकी, भागाकार, बस. फरक एवढाच की यातला प्रत्येक आकडा तिच्या ओळखीचा होता.

रिंग किती लांबून टाकायची?

उद्योजक म्हटलं की धोका पत्करणारा, सगळं पणाला लावणारा माणूस डोळ्यापुढं येतो. अभ्यासकांना दिसलेलं चित्र वेगळं आहे.

डेव्हिड मॅक्लेलंड हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एक साधा खेळ घेत असे. जत्रेत असतो तसाच: जमिनीवर खुंटी, हातात रिंगा. अट एकच, किती अंतरावरून टाकायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. काही जण खुंटीला अगदी चिकटून उभे राहत, म्हणजे हुकायचं कामच नाही. काही जण एवढे लांब जात की लागली तर नशीब. ज्यांच्यात काहीतरी चांगलं करून दाखवायची आस जास्त होती, ते मधलं अंतर निवडत. जमेल, पण प्रयत्न केला तरच, असं अंतर. हुकलं तर अर्धं पाऊल पुढं, लागलं तर अर्धं पाऊल मागं.

या आसेला त्यानं जे नाव दिलं त्याचं मराठी होतं सिद्धिप्रेरणा. ती शिकवता येते का हे पाहायला त्यानं १९६० च्या दशकात भारतच निवडला. आंध्र प्रदेशातल्या काकिनाडा शहरातल्या छोट्या व्यापाऱ्यांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं. पुढं पाहणी केली तेव्हा प्रशिक्षण घेतलेल्यांनी, न घेतलेल्यांपेक्षा जास्त हालचाल केलेली दिसली: नवा धंदा, वाढवलेला धंदा, नवी गुंतवणूक. उद्योजक जन्मावाच लागतो या समजाला आपल्याच देशात धक्का बसला तो असा.

हा खेळ कुठल्याही शाळेत विनाखर्च घेता येतो. बांबूची खुंटी आणि सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे पुरतात. खेळ झाला की मुलांना एवढंच विचारायचं: तू तिथंच का उभा राहिलास?

पाहुणे आले आणि घरात भाजी नाही

स्वयंपाकाचे दोन प्रकार असतात. पहिला पुरणपोळीचा. काय करायचं ते ठरलेलं, मग त्यासाठी डाळ, गूळ, वेलदोडे यांची यादी करून बाजार. दुसरा, रात्री आठला अचानक पाहुणे दारात आणि घरात भाजी नाही. मग डबे उघडून बघायचं: बेसन आहे, कांदा आहे, ताक आहे. झालं, पिठलं-भाकरी आणि कढी.

शाळेत आपण मुलांना पुरणपोळीची पद्धत शिकवतो. ध्येय ठरव, आराखडा कर, साधनं गोळा कर. सारस सरस्वती या भारतीय वंशाच्या संशोधक अमेरिकेत पीएचडी करत होत्या, त्यांचे मार्गदर्शक नोबेलविजेते हर्बर्ट सायमन. सरस्वतींनी २७ अनुभवी उद्योजकांना एका काल्पनिक मालाची समस्या दिली आणि विचार करताना मोठ्यानं बोलायला सांगितलं. ऐकू आली ती बहुतेक पिठल्याची पद्धत. स्वयंपाकघराचा हा दाखला सरस्वतीही देतात. पुरणपोळी आणि पिठलं माझं. त्या उद्योजकांचा विचार सुरू होत होता ‘मी कोण, मला काय येतं, मी कुणाला ओळखतो’ इथून.

सरस्वतींच्या मांडणीतल्या दोन गोष्टी मुलांसाठी लाखमोलाच्या आहेत. पहिली, गोधडी. आजी गोधडी शिवते तेव्हा नकाशा काढून कापड विकत आणत नाही. घरातली जुनी लुगडी, कुणी दिलेले चिंध्यांचे तुकडे, जे हाती येईल त्यातून नक्षी ठरत जाते. नवा माणूस कामात सामील झाला की तो आपला तुकडा घेऊन येतो आणि कामाचं रूप बदलतं.

दुसरी, परवडेल एवढाच तोटा. सर्वसाधारण शिकवण अशी की किती फायदा होईल याचा अंदाज बांधा. पण जे अजून घडलंच नाही त्याचा अंदाज कशावरून बांधणार? त्यापेक्षा ‘हे सगळं बुडालं तर मला किती सोसेल?’ हे विचारणं सोपं, आणि याचं उत्तर आज घरबसल्या देता येतं. भाचीच्या घरी दोनशे पंधरा रुपये बुडाले असते तर कुणी उपाशी झोपलं नसतं. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांच्या मुलाला तेवढेही झेपणार नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आनंद बाजाराचं भांडवल घरातून येऊ नये. शाळेनं किंवा ग्रामपंचायतीनं प्रत्येक गटाला सारखे शंभर रुपये द्यावेत, विक्रीनंतर परत घ्यावेत, आणि बुडाले तर बुडू द्यावेत. नाहीतर ज्याच्या घरी सोसण्याची ताकद आहे त्यालाच धाडस शिकता येतं.

सरकारी पातळीवर काय चाललंय

प्रयत्न बरेच आहेत. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशननं २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे स्वतःच्या हातानं वस्तू बनवून पाहायच्या प्रयोगशाळा, सुरू केल्या. आज त्या दहा हजारांच्या घरात आहेत. २०२० च्या धोरणात सहावी ते आठवीच्या काळात कधीतरी मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकायला पाठवायची कल्पना आहे. मोठ्यांसाठी १९८८ पासून काम करणारं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे.

दिल्लीच्या सरकारी शाळांनी २०१९ मध्ये नववी ते बारावीला यासाठी वेगळा तास ठेवला आणि २०२१ मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी दोन हजार रुपयांचं बीजभांडवल दिलं. त्या उपक्रमावर राजकारण बरंच झालं. ते बाजूला ठेवून मला त्यातली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते: सरकारी शाळेतल्या मुलाच्या हाती खरे पैसे देण्याइतका विश्वास कुणीतरी टाकला.

‘पण हे शिकवून खरंच येतं का?’

या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर: कसं शिकवता यावर आहे.

नेदरलँड्समध्ये एका व्यावसायिक महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना ‘विद्यार्थी कंपनी’ चालवायला दिली होती. २०१० मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या कौशल्यांत म्हणावा असा फरक पडला नव्हता, आणि उद्योजक व्हायची इच्छा उलट कमी झाली होती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खट्टू झाले. नंतर वाटलं, यात वाईट काय आहे? विसाव्या वर्षी ‘हे आपलं काम नाही’ असं कळणं, चाळिसाव्या वर्षी घर गहाण टाकल्यावर कळण्यापेक्षा कितीतरी बरं.

त्याच देशात अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी काही दिवसांचा एक उपक्रम तपासला गेला. धंद्याच्या माहितीत मुलांची फारशी भर पडली नव्हती. पण चिकाटी, पुढाकार, नवं सुचणं, स्वतःवरचा विश्वास अशा गोष्टींत वाढ दिसली. म्हणजे लहान वयात रुजते ती वृत्ती.

तिसरा अभ्यास आफ्रिकेतल्या टोगो देशाचा, २०१७ चा. राजधानी लोमेमधल्या दीड हजार छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले. एका गटाला हिशोब, विक्री, वित्त असं नेहमीचं प्रशिक्षण. दुसऱ्याला पुढाकार घ्यायचं प्रशिक्षण: सांगायची वाट न पाहणं, अडथळा आला की दुसरी वाट शोधणं, इतरांपेक्षा वेगळं काय करता येईल ते बघणं. तिसऱ्याला काहीच नाही. पुढाकारवाल्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाचा परिणाम ११ टक्क्यांच्या आसपास, तोही खात्रीनं सांगता येईल असा नव्हता.

हिशोब नको असा याचा अर्थ मी काढणार नाही, आत्ताच मी हिशोबाचं एवढं सांगितलं. पण पाठ्यपुस्तक छापून, व्याख्या पाठ करून घेऊन, ‘उद्योजकाचे गुण सांगा’ असा पाच गुणांचा प्रश्न काढून यातलं काहीही होणार नाही हे नक्की.

‘अभ्यास सोडून बाजार कशाला?’

ही शंका गुरुजींची असते आणि ती रास्त आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेला एक अभ्यास त्यांच्यासाठी. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणाऱ्या १,४०० हून अधिक मुलांचं गणित तपासलं. वीस रुपये किलोचे आठशे ग्रॅम बटाटे आणि पंधरा रुपये किलोचे एक किलो चारशे ग्रॅम कांदे घेऊन दोनशेची नोट पुढं केली, तर परत किती? असे हिशोब ही मुलं तोंडी करत. मात्र हीच मुलं वहीतल्या साध्या भागाकाराला अडखळली. उलट बाजारात कधी न बसलेल्या शाळकरी मुलांना वहीतलं जमलं, पण बाजारातला व्यवहार मांडल्यावर ती गोंधळली. त्या बटाटे-कांद्यांचं उत्तर १६३ रुपये. तुम्ही कागद घेतलात का?

दोन गणितं, मध्ये भिंत. बाजाराचा दुसरा दिवस वर्गात साजरा झाला तर ती भिंत पडायला सुरुवात होईल. आणि आणखी एक घडेल. आठवडी बाजारात आईशेजारी बसून भाजी विकणारी मुलगी प्रत्येक शाळेत असते. वर्गात ती मागच्या बाकावर, चाचणीत तिला कमी गुण. आनंद बाजारात मात्र तिच्या जुड्या सगळ्यांच्या आधी संपतात. कारण पालेभाजीवर पाणी कधी मारायचं, शेवटच्या चार जुड्या कितीला काढायच्या हे तिला माहीत असतं. दुसऱ्या दिवशी तिला फळ्यापाशी उभं करून ‘तू भाव कसा ठरवलास ते सांग’ म्हटलं, तर त्या वर्गात त्या तासाला ती शिक्षिका असते.

लेकरानं पोटासाठी राबणं वेगळं आणि शिकण्यासाठी बाजार मांडणं वेगळं, हे मात्र विसरून चालणार नाही. ज्या मुलीला रोजच विकायला बसावं लागतं तिला शाळेनं त्या कामाचा मान द्यावा आणि ते काम सुटेल असंही शिक्षण द्यावं.

‘नोकरीच करायची असेल तर?’

करावी की! अमेरिकेत लाखो संस्थापकांची माहिती तपासून निघालेला आकडा बघा: कंपनी काढतानाचं सरासरी वय सुमारे ४२, आणि झपाट्यानं वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचं तर ४५. कॉलेज सोडून गॅरेजमध्ये कंपनी काढणारा विशीतला पोरगा बातमीत येतो, कारण तो विरळा आहे. बहुतेक जण आधी कुठंतरी काम करतात, तिथली अडचण पाहतात, माणसं जोडतात, मग बाहेर पडतात. त्यातही अमेरिकेतल्या सरकारी आकड्यांनुसार नवे व्यवसाय पाच वर्षांत निम्म्यावर येतात. मुलांपासून हे लपवू नये.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची वाट अशीच होती. मुंबईत चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळलं, तेव्हा यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. तांत्रिक संस्थेत शिकवण्याची नोकरी केली. बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. मग कडबा कापायचं यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षं गेल्याची हकिकत सांगतात. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी कारखाना हलवला, तीच आजची किर्लोस्करवाडी. या गोष्टीतलं मोठं यश आपण नेहमी सांगतो. मला त्या न विकलेल्या नांगरांची दोन वर्षं मुलांना सांगावीशी वाटतात. गिऱ्हाईक ‘नको’ म्हणतंय तेव्हा ते का नको म्हणतंय हे ऐकत राहायचं, तोवर माल सुधारत राहायचा.

आणि आयुष्यभर नोकरीच केली तरी ही वृत्ती वाया जात नाही. साहेबानं सांगायच्या आधी अडचण हेरणारी नर्स, रजिस्टरचा रकाना बदलून लोकांचा हेलपाटा वाचवणारा तलाठी, हे तिचेच अवतार. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची पाच-सहा वर्षं काढलेली मुलं मी जवळून पाहिली आहेत. हुशार, कष्टाळू मुलं. त्यांना एकच रिंग, एकाच लांबच्या अंतरावरून टाकायला शिकवलं गेलं. किती प्रयत्न परवडतील, थांबायचं कधी, तोवर हाताशी दुसरं काय ठेवायचं, हे प्रश्न विचारायचे असतात हेच त्यांना कुणी सांगितलं नाही.

मोठ्यांनी हात कुठं आखडायचा

कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार टिकत नाही, त्यामुळं कर्ज, भाडेकरार, नोंदणी ही मोठ्यांची कामं. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीनं चालणारं बचत खातं मात्र अनेक बँका देतात. ते जरूर काढावं. बाकी आपण काय करायचं, यापेक्षा काय करायचं नाही हे महत्त्वाचं आहे.

आनंद बाजारात निम्मा स्वयंपाक आयांचा असतो, हे उघड गुपित आहे. गिऱ्हाईकही आपणच. पोराचा माल उरू नये म्हणून काका-मामा शेवटच्या अर्ध्या तासात सगळं उचलतात. त्यांचा हेतू प्रेमाचा, पण त्या प्रेमानं मुलाचा धडा विकत घेतला जातो. भाचीच्या पातेल्यात नऊ ग्लास उरले तेव्हा माझाही हात पर्समध्ये गेला होता. तो मागं घ्यायला मला जड गेलं. ते नऊ ग्लास उरले म्हणूनच तिनं घरी येऊन विचारलं, "थंडीत सरबत कोण पितं, हे माझ्या आधी लक्षात का नाही आलं?"

तिच्यासाठी मी उत्तर दिलं नाही. उधारीतले तीस रुपये दोन दिवसांत आले, वीस अजून यायचे होते. हातात एकशे पंधरा होते. संक्रांत चार दिवसांवर, आणि त्यानंतर रथसप्तमीपर्यंत आळीत घरोघर हळदीकुंकू. तिळाच्या वड्या लागणारच. तीळ आणायला लगेच निघेल असं मला वाटलं होतं. ती वही-पेन घेऊन निघाली. तीन घरी गेली, प्रत्येक ठिकाणी कुंकू कोणत्या दिवशी आणि बायका किती येणार ते लिहून घेतलं. मी तिसऱ्या घराच्या पायरीवर चपला घालत होते, तेव्हा आतून तिचा आवाज आला.

"काकू, चाळीस वड्या मंगळवारी आणून देते. पण तीळ आणायला अर्धे पैसे आधी द्याल का?"